गिधाडे कोठे गेली?

राहाता तालुक्यातल्या कोणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. लहानपणी गिधाडे पाहिल्याचे ते सांगतील. ढोर मेले की लोक ते गावाबाहेर ओढून टाकीत. आधी आभाळात एक ठिपका दिसे. मग दहा दिसत. बघता बघता पाखरे खाली उतरत. थोड्याच वेळात तिथे हाडांचा सापळा तेवढा उरे.

आता त्यांच्या नातवाला विचारा. त्याला गिधाड माहीत असते, पण चित्रातले.

मग ही पाखरे गेली कोठे? कोणी म्हणेल, "गेली तर बरं झालं! अपशकुनी पाखरू ते!" पण असे म्हणू नये. सीतेसाठी रावणाशी लढणारा जटायू याच कुळातला. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात टाकेद नावाचे गाव आहे. जटायूने तिथे प्राण सोडला, असे लोक मानतात. अशा पाखराला अपशकुनी कसे म्हणावे?

गिधाडाचे काम

गिधाड शिकार करीत नाही. मेलेले खाते. कुजक्या मांसातले पुष्कळसे रोगजंतू त्याच्या पोटातल्या आम्लात मरून जातात. म्हणजे गिधाड हा गावाचा बिनपगारी सफाई कामगारच होता.

तो गेला, पण ढोरे मरायची थांबली नाहीत. मग ते मांस कोण खाणार? मोकाट कुत्री! त्यांना खायला मिळाले, कुत्री वाढली. कुत्री वाढली, तसे चावेही वाढले. पिसाळलेला कुत्रा चावला आणि वेळेवर लस घेतली नाही, तर माणूस वाचत नाही. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. पाखरू गेले, आणि मागोमाग माणसेही गेली.

मारले कोणी?

अमेरिकेत काँडोर नावाचे मोठे गिधाड आहे. तिथे शिकारी शिशाच्या गोळीने हरणे मारतात. गोळी फुटून तिचे बारीक कण मांसात पसरतात. शिकारी आतडी, कोथळा रानात टाकून जातो. काँडोर ते खातो. शिसे त्याच्या पोटात विरघळते आणि रक्तात भिनते. पोटाचे काम बंद पडते. भरल्या पोटी पाखरू उपाशी मरते. १९८२ साली असे अवघे २२ काँडोर उरले होते. पुढे कॅलिफोर्निया राज्याने शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी केली. २०१९ पासून ती साऱ्या राज्यात लागू आहे.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. तेव्हा आपली गिधाडे गोळीने मेली नाहीत. ती मेली सुईने. होय, गुरांना टोचायच्या सुईने!

गाय लंगडली, कासेला दगडी झाली, अंगात ताप भरला, की डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचीत. ते स्वस्त होते. गुण लवकर येई. पण औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेले, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राही. ते मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसे आणि काही दिवसांत पाखरू मरे.

पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ साली हजार धरली, तर २००७ पर्यंत त्यांतले एखादेच उरले. कारण सापडत नव्हते. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासली आणि २००४ साली ते जगाला सांगितले.

तुम्ही विचाराल, "सगळ्याच गुरांना कुठे औषध देत होते?" बरोबर आहे. पण एका ढोरावर कितीतरी गिधाडे जेवायला बसत. शंभर ढोरांत एक विषारी असले, तरी पुष्कळ झाले. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू जाणते व्हायला चार-पाच वर्षे लागतात. मरण झपाट्याने आणि जन्म सावकाश. मग वंश टिकणार कसा?

कायदा झाला, आता आपण काय करावे?

सरकारने २००६ साली हे औषध गुरांसाठी बंद केले. तरी माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात. म्हणून २०१५ साली माणसांची बाटलीही ३ मिलिलिटरपुरती लहान केली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही औषधे गुरांसाठी बंद झाली. असेक्लोफेनॅकचे तर गाईच्या अंगात डायक्लोफेनॅकच होते. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडही बंद झाले.

मग दुखत्या गाईला तसेच ठेवायचे काय? मुळीच नाही. मेलोक्सिकॅम हे औषध दुखण्यावर चालते आणि गिधाडांना बाधत नाही. टोल्फेनॅमिक आम्लही तसेच आहे.

आपला तालुका उसाचा आणि दुधाचा. दारोदारी संकरित गाई आहेत. तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवू या.

एक : डॉक्टर सुई टोचायला आले की विचारावे, "डॉक्टरसाहेब, हे कोणतं औषध? मेलोक्सिकॅम चालेल का?" आता आपल्याला वाचता येते. बाटलीवरचे नाव स्वतः वाचावे. विचारण्यात लाज कसली?

दोन : माणसाचे औषध आपल्या मनाने गुराला देऊ नये.

तीन : औषध चालू असताना जनावर दगावले, तर उघड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

चार : उसात बिबट्या आला किंवा कुत्री माजली, म्हणून मढ्यावर विष घालू नये. तो गुन्हा आहे. ज्याच्यासाठी घातले तो वाचतो आणि भलतेच जीव जातात.

गिधाडे अजून पुरती संपलेली नाहीत. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर ती राहतात. हरियानात पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी त्यांची पैदास करते. तिथली काही गिधाडे २०२४ साली आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलांत आणली आहेत.

गिधाड दिवसात लांब लांब हिंडू शकते. उद्या एखादे फिरत फिरत आपल्या शिवारावर येईल. त्याला खाली काय मिळेल, अन्न की विष? ते आपल्या गोठ्यात ठरणार आहे.