परदेशीं संगणक जुळवितांना

अमेरिकेंत शिकणारे आपले कांहीं विद्यार्थी सुटे भाग घेऊन स्वतःच संगणक जुळवितात. परंतु स्मृतिपट्टी, जिला बाजारांत 'रॅम' म्हणतात, ती घेतांना फसगत होण्याचा संभव फार. डीडीआर ४ व डीडीआर ५ ह्या दोन्ही पट्ट्यांस सोनेरी टोंकें २८८ च, लांबीही एकच. पण खांच निराळ्या जागीं असल्यामुळें एक दुसरीच्या घरांत बसत नाहीं. यास्तव मदरबोर्डास कोणती पट्टी लागते तें आधीं पाहावें, मग पैसे मोजावे. १६ जीबी हवी असल्यास ८-८ ची जोडी घ्यावी व पुस्तिकेंत दाखविलेल्या घरांतच बसवावी. माहिती दोन वाटांनीं जाते-येते, काम त्वरेनें होतें.

पट्टी स्वदेशीं आणली तरी तीच चालते. वीजपुरवठ्याच्या पेटीचें तसें नाहीं. अमेरिकेंत घरगुती वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पेटीवर १०० ते २४० असें छापलें असेल तर केवळ तार बदलावी लागते. कांहीं जुन्या पेट्यांस मात्र मागें लहानसा तांबडा खटका असतो. तो ११५ वरच राहिला आणि घरीं येऊन उत्साहानें बटण दाबलें, तर पेटी तत्क्षणीं जळते, आणि क्वचित् तिच्यासंगें इतर भागही.