विश्लेषण : पाऊस पडला की मोटार शर्यत का रंगते? आणि ऊन वाढले की काय होते?

फॉर्म्युला वनच्या दर्जाचा ट्रॅक मराठवाड्यात सोडाच, महाराष्ट्रातही नाही. देशातला असा एकमेव ट्रॅक ग्रेटर नोएडाला आहे. तरी शनिवार-रविवारी ‘फॅनकोड’ लावून शर्यत पाहणारी मुले नांदेडच्या होस्टेलांत आणि लातूरमध्ये क्लाससाठी घेतलेल्या खोल्यांवर हमखास सापडतात. शर्यतीच्या दिवशी ग्रुपवर पहिला प्रश्न असतो, ‘पाऊस आहे का?’ सोयाबीनसाठी आभाळाकडे पाहणाऱ्या भागात हा प्रश्न शर्यतीसाठी विचारला जातो, याची गंमत आहेच. पण प्रश्न अगदी बरोबर आहे. मोटार शर्यतीत इंजिन, टायर आणि चालक यांच्यानंतर निकाल फिरवणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे हवामान. ते शर्यत रंगवते, तसेच बंदही पाडते.

कोरड्या ट्रॅकवर निकाल आधीच का कळतो?

यासाठी भारताचेच उदाहरण घेऊ. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री तीनदा झाली : २०११, २०१२ आणि २०१३. तिन्ही वेळा ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, मोसमी पाऊस परतलेला, ट्रॅक कोरडा. तिन्ही वेळा पहिल्या क्रमांकावरून सुरुवात करणारा आणि जिंकणारा एकच, रेड बुलचा सेबास्टियन व्हेटेल. २०११ मध्ये विजेत्याला चौकटीचा झेंडा दाखवायला सचिन तेंडुलकर उभा होता, त्यामुळे आपल्याकडे तो क्षण लक्षात राहिला. शर्यत म्हणून आठवावे असे मात्र फार काही घडले नाही.

कारण सरळ आहे. कोरड्या ट्रॅकवर गाडीचा वेग बराचसा कारखान्यात ठरतो. शर्यतीच्या गाडीवरची पंखासारखी रचना हवेच्या दाबाने गाडीला जमिनीवर दाबून धरते. खाचा नसलेले गुळगुळीत टायर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की रबर चिकट होते आणि डांबराला घट्ट धरते. ज्या संघाची गाडी उत्तम, ती पुढे राहते. शुक्रवारच्या सरावातच रविवारचा अंदाज येतो.

पाऊस नेमके काय बदलतो?

पाणी पडले की टायर थंड पडतात आणि पकड एकदम कमी होते. ब्रेक कुठे मारायचा, वळणावर गॅस किती द्यायचा, याचे सगळे ठरलेले हिशेब चुकतात. एरवी सगळे चालक ज्या ठरावीक रेषेवरून गाडी नेतात, तिथे टायरचे रबर घासून बसलेले असते. कोरड्यात तीच रेषा सर्वात वेगवान. ओल्यात ते रबर निसरडे होते, म्हणून जाणकार चालक ती रेषा सोडून बाहेरून वळतात. टीव्हीवर कोणी वळणाच्या कडेने वेडेवाकडे जाताना दिसला, तर तो चुकलाच असे समजू नये. तो पकड शोधत असतो.

मग टायरचा जुगार सुरू होतो. ओल्या ट्रॅकसाठी दोन प्रकारचे टायर असतात. हिरव्या पट्ट्याचे ‘इंटरमीजिएट’ कमी पाण्यासाठी आणि निळ्या पट्ट्याचे ‘फुल वेट’ जोरदार पावसासाठी. पिरेली कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी ३०० किलोमीटर वेगाला एक इंटरमीजिएट टायर सेकंदाला सुमारे ३० लिटर पाणी बाजूला सारतो, तर फुल वेट सुमारे ८५ लिटर. म्हणजे चार टायर मिळून घरावरची पाचशे लिटरची टाकी दीड सेकंदात रिकामी करतील. ट्रॅक वाळू लागला की हेच टायर तापून फाटायला लागतात. बदलायचे कधी? एक फेरी आधी बदलले तर गाडी घसरते, एक फेरी उशिरा बदलले तर वीस सेकंद जातात. शर्यत बहुतेक वेळा इथेच फिरते.

३ नोव्हेंबर २०२४ ची ब्राझीलची शर्यत पाहा. शनिवारी इतका पाऊस झाला की पात्रता फेरी रविवारी सकाळवर गेली. लँडो नॉरिस पहिल्या क्रमांकावर होता आणि जगज्जेतेपदासाठी त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्स वेर्स्टापेन सतराव्या. भारतात रात्री नऊला शर्यत सुरू झाली तेव्हा ट्रॅक ओला होता. मध्येच पाऊस वाढला. नॉरिस आणि जॉर्ज रसेल नवे टायर घ्यायला पिटमध्ये गेले. वेर्स्टापेन, एस्तेबान ओकॉन आणि पिएर गॅस्ली बाहेरच थांबले. थोड्याच वेळात एक गाडी धडकली, लाल झेंडा निघाला आणि शर्यत थांबली. शर्यत थांबलेली असताना टायर बदलले तर वेळ वाया जात नाही. बाहेर थांबलेल्या तिघांना नवे टायर फुकट मिळाले. शेवटी पहिले तिघेही हेच आले : वेर्स्टापेन, ओकॉन, गॅस्ली. ओकॉन आणि गॅस्ली ज्या अल्पाइन संघाचे, त्या संघाचा तो हंगाम यथातथाच चालला होता. नॉरिस सहावा आला.

यात नशीब होतेच. पण सतराव्या जागेवरून येताना फवाऱ्यात पुढची गाडी दिसत नसताना एकेकाला मागे टाकणे हे नशिबाचे काम नाही.

जुने चाहते याहून मोठे उदाहरण देतात, ते १२ जून २०११ च्या कॅनडाच्या शर्यतीचे. जेन्सन बटन सहा वेळा पिट लेनमधून गेला आणि एका टप्प्यावर सर्वात शेवटी होता. पावसामुळे शर्यत दोन तासांहून अधिक थांबली. भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाला सुरू झालेली ही शर्यत अडीच वाजून गेल्यावर संपली. एकूण ४ तास ४ मिनिटे, फॉर्म्युला वनच्या इतिहासातली सर्वात लांब. अखेरच्या फेरीत आघाडीवरच्या व्हेटेलचे चाक ओल्या पट्ट्यावर घसरले आणि बटन पुढे निघून गेला. झोप मोडून बसलेल्यांचे पैसे वसूल.

अंदाज इतका अवघड का?

‘आमच्या शिवारात पडला, बांधापलीकडे थेंब नाही,’ हे वाक्य मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बेल्जियमचा स्पा ट्रॅक सात किलोमीटर लांब आहे आणि डोंगर-जंगलातून जातो. तिथे एका टोकाला सर कोसळत असते आणि दुसऱ्या टोकाला धूळ उडत असते. त्याच फेरीत दोन्हीला तोंड द्यावे लागते. संघांकडे रडार असते, तरी रेडिओवर चालकालाच ‘तुझ्याकडे पडतोय का?’ असे विचारले जाते.

मग पावसात शर्यत थांबवतात का?

थांबवतात, आणि कारण केवळ घसरण नसते. चाकांनी उडवलेल्या फवाऱ्यामुळे मागच्याला काही दिसत नाही. २०२१ मध्ये स्पाला तासन्‌तास वाट पाहून सेफ्टी कारच्या मागे जेमतेम काही फेऱ्या झाल्या. एकालाही कोणाला मागे टाकता आले नाही, तरी निकाल लावून निम्मे गुण वाटले. पावसात भिजत बसलेल्या प्रेक्षकांची ती चेष्टाच होती. टीका झाल्यावर नियम बदलला. आता सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्या तरच गुण मिळतात.

आयोजक इतके सावध असतात, त्याला जपानच्या सुझुका ट्रॅकवरचा ५ ऑक्टोबर २०१४ चा अपघात कारणीभूत आहे. पावसात घसरलेली एक गाडी उचलायला क्रेन आली होती. त्याच वळणावर ज्यूल्स बियांकीची गाडी घसरली आणि त्या क्रेनवर आदळली. नऊ महिन्यांनी, जुलै २०१५ मध्ये तो गेला. वय होते २५. ‘थोडा पाऊस आहे, सोडा की शर्यत,’ अशी कॉमेंट करणाऱ्यांनी हे नाव शोधून पाहावे.

उन्हाने रंगत वाढते की घटते?

तापलेल्या ट्रॅकवर टायर लवकर झिजतात, पिटच्या खेपा वाढतात आणि डावपेचांना वाव मिळतो. तेवढी रंगत वाढते. पण पावसाची परीक्षा सगळ्यांना दिसते, उन्हाची हेल्मेटच्या आत चाललेली असते. कॉकपिटमध्ये तापमान ५० अंशांच्या वर जाते. अंगावर आग न धरणारे कपड्यांचे थर असतात. लातूरच्या मेमधल्या दुपारी काच लावलेल्या, एसी बंद असलेल्या गाडीत दोन तास बसून पूर्ण ताकदीने ब्रेक दाबत राहायचे, अशी कल्पना करून पाहा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारची शर्यत रात्री होती, तरीही उकाड्याने लोगन सार्जंटला मध्येच थांबावे लागले आणि ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. त्यानंतर जागतिक संघटनेने नियम केला. उष्णता निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल तर ‘उष्णतेचा धोका’ जाहीर करायचा आणि थंड द्रव फिरणाऱ्या बारीक नळ्यांचा शर्ट गाडीसोबत उपलब्ध ठेवायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला तो पहिल्यांदा लागू झाला.

३१ अंश म्हणजे आपल्याकडे ‘आज जरा बरं आहे’ असे म्हणण्याचा आकडा! अर्थात निर्देशांकात दमटपणाही धरलेला असतो, हे लक्षात घ्यायला हवे.

भारताने हा अनुभव कतारच्या दोन आठवडे आधीच घेतला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. शनिवारची छोटी शर्यत पावसामुळे लांबली. रविवारची मुख्य शर्यत उकाड्यामुळे २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली. मार्को बेझेकी जिंकला. दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच शरीरातले पाणी कमी झाल्याने कोसळला. एकाच शनिवार-रविवारी पाऊस आणि ऊन दोन्ही आडवे आले. वादळही सुटलेले नाही. चेन्नईच्या रस्त्यांवरची फॉर्म्युला ४ शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे ढकलली गेली आणि ऑगस्टच्या अखेरीस २०२४ मध्ये पार पडली.

आपल्या मातीत काय होऊ शकते?

पाऊस हीच अट असलेली स्पर्धाही आपल्या शेजारी आहे. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात घेतली जाऊ लागली. फोर बाय फोर गाड्या, गुडघाभर चिखल, ओढे, आणि रुतलेली गाडी झाडाला तार बांधून ओढून काढायची. पाऊस कमी झाला तर इथे मजा कमी होते. उलट मातीच्या उंचवट्यांवरून बाइक उडवणारी सुपरक्रॉस थंडीत बरी. इंडियन सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली ती जानेवारी २०२४ मध्ये.

नांदेड-लातूरकडे अशी शर्यत आणायची म्हटली तर पहिली अडचण काळी माती. गोव्याची जांभ्याची माती पाणी सोडते. काळी माती पाणी धरते, फुगते आणि चाकाला अशी बसते की मडगार्डमध्ये चाक फिरेनासे होते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे इंजिनिअरिंग न शिकता माहीत आहे. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि भुकटी होऊन उडते. धूळ बसवायला मातीच्या ट्रॅकवर टँकरने पाणी मारत राहावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आले होते आणि त्याच महिन्यात मैदानांवरच्या पाण्याचा वाद न्यायालयात जाऊन आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले होते. तेव्हा उन्हाळ्यात शर्यत घेण्याचा प्रस्ताव इथे टिकणार नाही, आणि टिकूही नये. बाहेरून मुरूम आणून डिसेंबर-जानेवारीत एखादी फेरी घेता येईल.

महामार्गावर हेच शास्त्र कसे लागू होते?

शर्यतीत गाडी पाण्यावर तरंगते, त्याला ‘अ‍ॅक्वाप्लेनिंग’ म्हणतात. टायरला पाणी बाजूला सारता आले नाही की चाक आणि डांबर यांच्यात पाण्याचा थर येतो. मग ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही नावालाच उरतात. नासाने विमानांच्या टायरवर अभ्यास करून काढलेल्या सूत्रानुसार ३० पीएसआय हवा असलेल्या टायरला रस्त्यावर पुरेसे पाणी साचलेले असेल तर ताशी साधारण ९० किलोमीटरला हे घडू शकते. हवा कमी असेल तर त्याआधीच. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा पट्टा रुंद झाल्यापासून हा वेग कोणतीही साधी कार गाठते.

दुचाकीचे टायर अरुंद आणि गोल असल्याने ते सहसा तरंगत नाही. पण ते पांढऱ्या पट्ट्यावर आणि पहिल्या पावसात वर आलेल्या तेल-धुळीच्या थरावर घसरते. फॉर्म्युला वनचे चालकही ओल्यात रंगवलेल्या पट्ट्यांवर चाक जाऊ देत नाहीत, ते यामुळेच. इकडे आणखी एक भर असते. रानातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल वीस-तीस फूट डांबरावर पसरलेला असतो. शर्यतीत ट्रॅकवर असा चिखल आला की मार्शल पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा झेंडा हलवतो. महामार्गावर तो लांबून ओळखायला लागतो.

कारच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर घासून या उंचवट्यांच्या पातळीला आला की ती मर्यादा संपली. हे पाहायला गॅरेजला जावे लागत नाही, मोबाईलची बॅटरी पुरते.