दुर्बिणीने उपचार झाले, तरी पित्तनलिका पुन्हा अरुंद का होते?

पित्ताशय काढून झालं, दुर्बिणीतून पित्तनलिकेचं तोंडही मोकळं केलं, तरी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पोटात पुन्हा तीच कळ येते. अशा वेळी घरातलं कुणी 'ॲसिडिटी असेल' म्हणून दिवस काढतं, तर कुणी लगेच पुन्हा दुर्बीण घालायचा आग्रह धरतं. दोन्ही महागात पडू शकतं. म्हणून हा विषय सोप्या भाषेत मांडत आहोत.

यकृतातलं पित्त नलिकेतून लहान आतड्यात उतरतं. नलिकेच्या तोंडाशी झडपेसारखा उघडझाप करणारा गोल स्नायू असतो. रुग्गेरो ओडी या इटालियन वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो 'स्फिंक्टर ऑफ ओडी'. तो आखडला की पित्त तुंबतं. मग तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, त्याला छेद देतात. जर्मनी आणि जपानमध्ये १९७४ मध्ये ही पद्धत पुढे आली.

पण छेद म्हणजे शेवटी जखमच. ती भरताना काहींच्या बाबतीत तिथली जागा घट्ट होते, आकसते आणि तोंड पुन्हा अरुंद होतं. पहिला छेद लहान राहिला असेल, तरी त्रास परत येऊ शकतो.

दुखण्यासोबत थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरकी शौच किंवा अंगाला खाज असेल तर थांबू नका. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

अशी लक्षणं नसतील तर आधी रक्तातली यकृताची तपासणी, सोनोग्राफी आणि गरजेनुसार एमआरसीपी करतात. अडथळा दिसला तर छेद वाढवणं, फुग्याने तोंड रुंदावणं किंवा काही काळ स्टेंट ठेवणं हे उपाय आहेत. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. बरं वाटतंय म्हणून तो विसरला तर तो स्वतःच तुंबतो. तारीख घरात लिहून ठेवा.

आणि तपासण्या नॉर्मल असतील तर? पित्ताशय काढूनही दुखत असलेल्या, पण अडथळ्याची ठळक खूण नसलेल्या २१४ रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. छेद दिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम पडला, तर नुसती दुर्बीण घातलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. म्हणजे अशा रुग्णांना छेदाचा फायदा दिसला नाही. उलट ईआरसीपीमुळे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतोच.

म्हणून दुसऱ्यांदा होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा: अडथळा कोणत्या तपासणीत दिसला? दुखण्याचं दुसरं कारण तपासलं का? स्वादुपिंडाची सूज टाळायला काय करणार? जाताना पहिल्या ईआरसीपीचा कागद सोबत घ्या. किती छेद दिला, स्टेंट ठेवला का, हे त्यावरूनच डॉक्टरांना कळतं.