हंगामातील अपघात : काही अनुभव



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खत-पाण्याविषयी लिहितो. यावेळी विषय वेगळा आहे. ऊस फडातून निघून गव्हाणीत पडेपर्यंत दर हंगामात माणसे जखमी होतात, काही दगावतात. ऊसविकास खात्यात आमची वीस-बावीस वर्षे गेली. ज्यांच्याकडून आम्ही सुरक्षेचे धडे घेतले ते सुरक्षा अधिकारी तर आयुष्यभर हेच काम करून निवृत्त झाले. त्यांचे व आमचे अनुभव येथे मांडीत आहोत.

अपघात झाला की आपण पहिले विचारतो, "चूक कोणाची?" ते गृहस्थ असे कधीच विचारीत नसत. "काय काय घडले ते क्रमाने सांगा," एवढेच म्हणत. चूक कोणाची म्हटले की समोरचा माणूस तोंड मिटून घेतो, आणि कारण कळत नाही ते नाहीच. अमेरिकेतील हाइनरिश नावाच्या तज्ज्ञाने 1931 साली मांडलेला हिशेब ते सांगत : एका मोठ्या अपघातामागे 29 किरकोळ दुखापती आणि 300 वेळा थोडक्यात निभावलेले प्रसंग असतात. या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण मतलब खरा आहे. मोळी खांद्यावरून सटकली, फाळक्याची कडी निघाली, बैल बुजला, आणि आपण "वाचलो बुवा" म्हणून पुढे गेलो, तर ती पुढच्या अपघाताची आगाऊ सूचनाच असते.

अशी एक सूचना आम्ही स्वतः वाया घालवली. जानेवारीतली गोष्ट. सांजवेळी एका फडावर भरलेला ट्रेलर उभा होता. मागे लाल रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, वाढे खाली लोंबलेले. आम्ही चालकाला म्हणालो, "भाऊ, मागे काहीतरी लाव." तो म्हणाला, "काही होत नाही साहेब, सकाळी लावतो." आम्हालाही घरी जायची घाई होती. रात्री धुळे-जळगाव रस्त्यावर त्याचे चाक पंक्चर झाले, ट्रेलर कडेला उभा राहिला, आणि मागून मोटारसायकलवर येणारा पोरगा त्यावर आदळला. जागीच गेला. चालकावर गुन्हा दाखल झाला. आमच्यावर काहीच नाही. पण सांजवेळी ट्रेलर अडवणे आमच्या हातात होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

यातला हिशेब समजून घ्या. ताशी 60 किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. समोर काही आहे हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे 20-25 मीटर तिथेच संपले. गाडी थांबायला आणखी तेवढेच लागतात. धुळीने माखलेला, उसाच्या रंगाचा ट्रेलर मंद दिव्यात इतक्या लांबून दिसतच नाही. रिफ्लेक्टर समोरचा प्रकाश परत त्याच दिशेला फेकतो म्हणून तो लांबून चमकतो. मात्र त्यावर धूळ बसली किंवा वाढे आले तर तो असून नसल्यासारखा. रोज फडक्याने पुसा. बैलगाडीच्या साट्यालाही मागे पट्टी लावा.

दुसरी गोष्ट तारांची. शेतातून जाणारी 11 हजार व्होल्टची लाईन लोंबकळलेली असते आणि ट्रेलर उंच भरलेला असतो. ट्रेलर तारेला लागला तर चालकाने बसल्या जागीच बसून राहावे, आणि बाकीच्यांनी लांब थांबून वीज बंद करवावी. आगच लागली तर दोन्ही पाय जोडून उडी मारावी, ट्रॅक्टरला हात लागू देऊ नये, आणि पाय जोडूनच उड्या मारीत लांब जावे. मोठे पाऊल टाकले तर दोन पायांखालच्या जमिनीत विजेचा दाब वेगवेगळा असतो आणि प्रवाह अंगातून जातो. मोटारीच्या स्टार्टरला ओल्या हाताने, अनवाणी हात लावू नये, हे आम्ही किती वेळा सांगितले असेल! अर्थिंगची तार तुटलेली विहिरीवर आजही आढळते.

सर्वांत फसवा धोका वायूचा. जुन्या लोकांना पेव ठाऊक आहे : धान्याचे पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, हे शहाणपण आपल्या खानदेशात होते. तोच नियम मळीच्या टाकीला, गोबरगॅसच्या खड्ड्याला आणि बंद पडलेल्या विहिरीला लागू आहे. मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड म्हणून तळाशी बसतो. गोबरगॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे नव्हे. पहिला माणूस कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेने 1986 साली नोंदवले की अशा बंद जागांतील मृतांत निम्म्याहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. कंदील सोडून पाहण्याची रीत अर्धवट आहे. विषारी वायू असला तरी कंदील जळत राहू शकतो. आत उतरणे टाळा. उतरणे भागच असेल तर आधी हवा खेळती करावी, कमरेला दोर बांधावा, आणि वर दोन माणसे असावीत.

फिरत्या यंत्राजवळ उपरणे, मफलर, सैल बाही नको. कारखाना कायदा 1948 मध्येही अशा कामाला अंगाबरोबर बसणारे कपडे सांगितले होते.

इतके करूनही दुर्दैवाने शेतकरी दगावला किंवा अपंग झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूस 2 लाख रुपये, एक डोळा वा एक अवयव निकामी झाल्यास 1 लाख. वय 10 ते 75. खातेदाराबरोबर कुटुंबातील आणखी एकाला लाभ मिळतो. विजेचा धक्का, सर्पदंश, औषधाची विषबाधा यातही धरतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत करायचा असतो. सातबारा आणि पोलिसांची कागदपत्रे लागतात. कागद जमवताना अडचण आली तर आमच्या गट कार्यालयात या, आम्ही बरोबर येऊ.