घरगुती संगणक जाल आणि आयपीव्ही ६

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर मार्गावर सिलतरा ही औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्न व पोलाद हे तेथील प्रमुख उद्योग. या परिसरातील एखाद्या कामगाराच्या घरी आज दोन-तीन स्मार्टफोन, मुलांच्या अभ्यासासाठी संगणक, दूरचित्रवाणी संच आणि क्वचित दारावरचा कॅमेरा अशी पाच-सात उपकरणे इंटरनेटला जोडलेली असतात. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता हवा, ही इंटरनेटची मूळ कल्पना. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी या साऱ्या घराला मिळून एकही स्वतंत्र पत्ता मिळत नाही.

याचे कारण साध्या अंकगणितात आहे. १९८१ साली निश्चित झालेल्या आयपीव्ही ४ या नियमावलीत पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगाची लोकसंख्याच त्याहून अधिक आहे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे गट वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठाही संपुष्टात आला. ज्या देशांत इंटरनेटचा प्रसार उशिरा झाला, त्यांच्या वाट्याला लोकसंख्येच्या मानाने अल्प पत्ते आले. भारत त्यांपैकी एक होय.

या टंचाईवर सेवापुरवठादारांनी काढलेला मार्ग म्हणजे पत्त्यांची भागीदारी. घरातील राऊटर सर्व उपकरणांना खासगी पत्ते देतो आणि बाहेर एकच पत्ता दाखवतो. पुढे पुरवठादारही असंख्य घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतो. टपाल यावे आणि पाकिटावर केवळ गावाचे नाव असावे, तशी ही अवस्था आहे. बाहेरून कोणी थेट घरातील उपकरणापर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून कॅमेऱ्याचे चित्र बहुधा उत्पादक कंपनीच्या सर्व्हरमार्गे फिरून मालकाच्या फोनवर येते. एका पत्त्यावरून अल्पावधीत फार मागण्या आल्यास काही संकेतस्थळे तो पत्ता रोखतात. अर्ज भरणाऱ्या निरपराध उमेदवारालाही त्याची झळ पोहोचू शकते. सायबर गुन्ह्याच्या तपासातही केवळ पत्ता पुरेसा ठरत नाही. पोर्ट क्रमांक आणि नेमकी वेळ यांची नोंद मिळवावी लागते.

आयपीव्ही ६ चे मूळ विनिर्देश डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जुलै २०१७ मध्ये त्यांना पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. (आवृत्ती ५ कोठे गेली, हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो. तो क्रमांक एका प्रायोगिक प्रवाह-नियमावलीसाठी वापरला गेला होता.) या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असून तो चार-चार षोडशमान अंकांच्या आठ गटांत लिहितात. पुस्तकी उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातील एक पत्ता पाहावा : २००१:०डीबी८:००००:००००:००००:००००:००००:००२५. आरंभीची शून्ये गाळून आणि सलग शून्यगटांच्या जागी दुहेरी अपूर्णविराम देऊन तोच २००१:डीबी८::२५ असा लिहिता येतो. दुहेरी अपूर्णविराम एका पत्त्यात एकदाच वापरता येतो, अन्यथा किती गट गाळले हे कळणार नाही.

घरात ही व्यवस्था सुरू करणे वाटते तितके कठीण नाही. पुरवठादार ही सेवा देत असल्यास राऊटरच्या रचनेत आयपीव्ही ६ चालू करावे लागते. मग पुरवठादार घराला पत्त्याचा आरंभीचा भाग, म्हणजे उपसर्ग, देतो. तो ५६ बिटांचा असेल तर घरात २५६ उपजाले करता येतात. ६४ बिटांचा असेल तर एकच, पण तेवढे घरासाठी पुरेसे असते. राऊटर हा उपसर्ग घरात जाहीर करतो आणि प्रत्येक उपकरण उर्वरित ६४ बिट स्वतःच ठरवून आपला पत्ता तयार करते. मागोवा टाळण्यासाठी बहुतेक आधुनिक उपकरणे हा भाग अधूनमधून बदलतात.

उपकरणाचा पत्ता केवळ एफई८० ने सुरू होत असेल, तर तो घरापुरताच मर्यादित आहे असे समजावे. येथेच अनेकांची फसगत होते. भारतात बाहेरच्या जगाशी जोडणारा पत्ता सामान्यतः २४० या अंकांनी सुरू होतो.

सुरक्षेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. जुन्या पद्धतीत पत्त्यांच्या भागीदारीमुळे घर आपोआप काहीसे झाकलेले राही. नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला जागतिक पत्ता मिळतो, म्हणून बाहेरून अनाहूत येणारी जोडणी अडवणारी फायरवॉल राऊटरवर चालू असलीच पाहिजे. तथापि नियंत्रण-संदेश सरसकट बंद करणे हा अतिरेक ठरतो. आयपीव्ही ६ मध्ये वाटेतील राऊटर मोठ्या पाकिटाचे तुकडे करीत नाहीत. पाकीट मोठे झाल्याची सूचना ते प्रेषकाला देतात. ती सूचनाच अडवली तर काही संकेतस्थळे उघडताना मध्येच अडकतात आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये यासाठी राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि मार्च २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आणली. मुदती मात्र पुढे सरकत गेल्या. नव्या घरगुती तारजोडण्यांसाठी २०१४ ची मुदत होती, ती अखेर ३१ डिसेंबर २०२२ करण्यात आली. खरी गती आली ती मोबाइल सेवेमुळे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जालात प्रारंभापासून आयपीव्ही ६ होते. आज भारतातील सत्तर टक्क्यांहून अधिक वापरकर्ते या आवृत्तीने जोडले जाऊ शकतात आणि या बाबतीत देश जगातील अग्रणींमध्ये गणला जातो. तारजोडणीच्या घरांत अडसर ठरतो तो बहुधा जुना राऊटर.

आयपीव्ही ४ लगेच बंद करण्याची आवश्यकता नाही. दोन्ही आवृत्त्या एकाच जालात शेजारी-शेजारी चालतात आणि जुना प्रिंटर आपल्या जुन्या पत्त्यावर काम करीत राहतो. वीज जाऊन आल्यानंतर पुरवठादाराने उपसर्ग बदलला, तर घरांतर्गत वापरासाठी एफडी ने सुरू होणारे स्थानिक पत्तेही ठेवता येतात. ते पुरवठादारावर अवलंबून नसतात.