निळा खडा, पण नीलम नव्हे!

पिंपळनेरला परवा वहिनींनी एक खडा पुढे केला. "भाऊजी, नीलमच ना? अंगठीत बसवू?" पांढऱ्या स्फटिकांवर गर्द निळे फूलच उमललेले! हा कॅव्हनसाइट. १९६७ साली अमेरिकेतील ओरेगॉनात प्रथम ओळखला गेला. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची सुरुवातीची अक्षरे जोडून नाव ठेवले. बारसे असे रुक्ष! नीलम काच कापतो. याच्यावर मात्र साधा चाकू ओरखडा उठवतो, शिवाय हा ठिसूळ. सोनाराचा चिमटा लागला की भुगा. जगातले उत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले, आमच्या साक्री तालुक्यासारख्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतले. तेथे दगड फोडतात तो खडीसाठी! कामगाराला निळा ठिपका वेळीच दिसला तर वाचला, नाही तर क्रशरमधून थेट रस्त्याखाली.