शाब्लीची थंडी, शार्डोनेची धार

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकाला, सेरँ नदीकाठी शाब्ली हे छोटं गाव आहे. त्याच्या नावाची वाईन फक्त शार्डोने या पांढऱ्या द्राक्षापासून बनते.

थंडी हे इथलं भाग्य आणि धास्तीही. शार्डोनेला कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलच्या एका गोठत्या रात्रीत ते करपतात. 2021 मध्ये तसंच झालं. म्हणून बागायतदार रात्रभर मेणाची भांडी पेटती ठेवतात. निफाडकरांना बागेतल्या शेकोट्या नव्या नाहीत. पण इथला दुसरा उपाय थक्क करणारा आहे. वेलींवर चक्क पाणी फवारतात! गोठताना पाणी उष्णता सोडतं आणि बर्फाच्या कवचातला कोंब शून्य अंशाच्या आसपास तगून राहतो. फवारा मध्येच थांबला, तर मात्र कोंब गेला.

गार हवेत द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकतो. चुनखडीच्या उतारांवर लहान शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. पण त्यांची चव थेट वाईनमध्ये उतरते, याला आधार नाही.

रस आंबल्यावर जिवाणू त्यातल्या तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. बरेच उत्पादक स्टीलच्या टाक्याच पसंत करतात. ओकची पिंपं बेतानेच वापरलेली बरी, कारण लाकडाचा व्हॅनिलासारखा गंध या नितळ वाईनवर चटकन कुरघोडी करतो.